ओव्हन नंबर दोन आणि जागतिक वेळ

मी एखादी गोष्ट ठरवली की ठरवली! बायको याला हट्ट म्हणते, मी निर्धार म्हणतो. त्या आठवड्यात माझा निर्धार असा होता की आमच्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये तारीख आणि वेळ एकाच पद्धतीने लिहिली जाईल, नाहीतर मी राजीनामा देईन!

लॉग म्हणजे सॉफ्टवेअरची रोजनिशी. आमचं सॉफ्टवेअर बेकऱ्यांचे ओव्हन सांभाळतं आणि कोणतं बटण कधी फिरलं याची ओळ लिहून ठेवतं. पण आमच्या ऑफिसात एकजण दिवस आधी लिहायचा, दुसरी महिना आधी, आणि तिसरा नुसतं ‘आत्ता’ लिहून मोकळा व्हायचा!

“आधी वर्ष, मग महिना, मग दिवस!” मी मीटिंगमध्ये टेबल आपटलं. “आणि वेळ जागतिक!”

“म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे?” टेस्टिंगच्या मॅडमनी विचारलं. “बेकरीवाल्यांना कळणार आहे का?”

“ओळीच्या शेवटी झेड असतो ना! झेड म्हणजे जागतिक वेळ. शेंबड्या पोरालाही कळेल!”

मॅडमनी हात टेकले. सोमवारी दहा वाजता मी स्वतः पहिल्या बेकरीत गेलो, नवी पद्धत चालू केली, एकदा तपासली आणि छाती फुगवून ऑफिसात परतलो. माझी बायको त्याच बेकरीत पहाटे चार ते नऊ मुख्य बेकर आहे. ती तोवर घरी गेली होती.

दुपारी तिचा फोन आला. “आधी इकडे बेकरीत ये! मालकांनी मला घरून बोलावून घेतलंय, आणि ओव्हनवरून काढून पॅकिंगला बसवतायत!”

धावतच गेलो. दोन नंबरच्या ओव्हनमधल्या साठ पावांचा कोळसा झाला होता. हा ओव्हन रोज साडेदहाला पहिल्यांदा पेटतो, पण त्याचं तापमान कोणीतरी आधीच ऐंशी अंशांनी वाढवून ठेवलं होतं. मालक लॉगचा कागद नाचवत होते.

“चार वाजून बेचाळीस मिनिटं! तेव्हा इथे कोण होतं? तुमच्या सौभाग्यवती!”

“मी दोन नंबरला हातही लावला नाही,” बायको म्हणाली. “अकरा वर्षांत माझा एक पाव करपला नाही, आणि आता मी पिशव्या बांधत बसू?”

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात मला कागदावरचा झेड दिसला.

“थांबा!” मी गरजलो. “ही जागतिक वेळ आहे! यात साडेपाच तास मिळवा! बटण फिरलं दहा वाजून बारा मिनिटांनी. तेव्हा ही घरी होती!”

मालकांनी बोटांवर तास मोजले. “पण पहाटपाळी नऊला सुटते आणि दुसरी साडेदहाला येते. मधे ओव्हनजवळ कोणीच नसतं.”

“कोणीतरी होतंच!” मला आता चेव चढला होता. “शोधून काढा त्याला! मी सोडणार नाही!”

मालक माझ्याकडे बघत राहिले. बायकोने डोळे पुसले आणि तीही बघायला लागली.

“तू सकाळी येऊन पद्धत तपासलीस ना?” तिने हळूच विचारलं. “कशी तपासलीस?”

आता, लॉगमध्ये ओळ उमटते की नाही हे बघायचं तर एखादं बटण फिरवावंच लागतं. मी फिरवलं होतं. ओळ इतकी देखणी उमटली की मी तिच्याकडे बघतच राहिलो, आणि बटण पुन्हा जागेवर आणायचं राहून गेलं!

मालकांनी बायकोची हात जोडून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा ओव्हनवर उभी होती. दोन नंबरच्या ओव्हनवर आता एक पाटी लावली आहे: ‘सॉफ्टवेअरवाल्यांनी हात लावू नये.’ अक्षर बायकोचं आहे. खाली तारीखही घातली आहे, आधी दिवस आणि मग महिना.