कलशेट्टी मॅडम आणि घरचा फोन

शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन गेलं, की आमच्या सोलापूरच्या कॉलेजातल्या कलशेट्टी मॅडम आधी घरी फोन लावायला लावायच्या. नियम समजावून द्यायच्या आणि म्हणायच्या, "आता हेच आईला सांग. माझ्यासमोर." मान डोलावून सुटका नसायची. "कळलं म्हणू नको, सांगून दाखव," हे त्यांचं पालुपद.

त्या शिकवायच्या अकाउंट्स. हे काम आपणहून अंगावर घेतलेलं. त्यांच्या टेबलापाशी तेलुगू, कन्नड, दखनी अशा सगळ्या भाषांत हजेरीची अट ऐकू यायची. एकीची आई भाजी करपतेय म्हणून फोन ठेवायला निघाली, तर मॅडमनी तिला गॅस बंद करायला लावून उरलेला नियम ऐकवला.

मी मंगळवेढ्याकडची. घरी मेंढरं आणि थोडी ज्वारी. पहिल्याच वर्षी आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला परत बोलावलं. शिष्यवृत्ती म्हणजे कर्जच, पोरीचं लग्न झालं की सासरी वसुलीला येतात, असं गावात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मी सामान बांधलं आणि कॉलेज सोडायच्या अर्जावर सही मागायला मॅडमकडे गेले.

मॅडमनी सही केली नाही, माझ्यासाठी खुर्ची ओढली. हे खरंच कर्ज आहे का, असं विचारलं. मला सांगता येईना. माझा अर्ज मॅडमकडे न येता परस्पर नेट कॅफेवाल्यानं भरलेला. मी नुसता आधारच्या मशीनवर अंगठा टेकवला होता. मग त्यांनी जेवणाची सुट्टी घालवून सगळं उलगडून सांगितलं आणि फोन माझ्यापुढं सरकवला.

हजेरी लागते, पास व्हावं लागतं, दरवर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो, हे मी आबांना सांगितलं.

"आन् फेडायचं कुनी?"

"कुनीच न्हाय, आबा. ह्ये कर्ज न्हाय. शिकायला दिल्यालं हाय."

पलीकडं मेंढरं ओरडत होती.

"मग ऱ्हा की तितंच," आबा म्हणाले.

मॅडमनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

बी.कॉम. झाले, तेव्हा आईनं मॅडमना जेवायला बोलावलं. इतक्या घरांशी बोललेल्या बाई, पण त्यांना घरी या असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्या एसटीनं आल्या, आईशेजारी बसून दिवसभर बोलत राहिल्या. सोलापुरात त्या एकट्याच राहतात, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी आम्ही त्यांना फाट्यावर सोडायला गेलो. एसटी आली, थांबली. आई उठली, पण मॅडम बसल्या दगडावरून उठल्या नाहीत.

"जाऊ दे ही," त्या हळूच म्हणाल्या. "पुढची येईल की."

"येती की," आई म्हणाली आणि पुन्हा त्यांच्याजवळ टेकली.