ग्रंथकारसाहेबांनी दुसरी ‘ब’चा गड सर केला त्याची हकीकत

लेखणी धुऊन, कान साफ करून, खोटे लिहू तर शाई वाळो ऐसी शपथ वाहून ही हकीकत मांडिली असे. पूर्वी थोर थोर पुरुषांनी किल्ले घेतले, घाट रोखिले, नद्यांवर तळ दिले, त्यांचे कौतुक बहुतांनी लिहिले. परंतु एका बापाने मोबाइलातील एका गटात शिरकाव करून घेतला आणि ये कामी केवढी यातायात पडली, हे लिहिण्यास कोणी धजला नाही. ते येथे लिहिले आहे. ऐकणाऱ्याने पाणी पिऊन बसावे.

ग्रंथकार म्हणून एक गृहस्थ होते. उमर बेचाळीस, दाढी राखलेली, चष्मा गोल, आणि बापपणाच्या विद्येत आपणाऐसा जाणता सांप्रत पृथ्वीवर नाही ऐसी खुद्दांची खातरी. त्यांनी ‘नवा बाप’ नामे तीनशे बारा पानांचा ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात जुने बाप कैसे दगडाचे आणि नवे बाप कैसे लोण्याचे याचा खुलासा केला आणि ग्रंथ छापखान्याच्या वेशीपर्यंत नेऊन ठेविला. ग्रंथाचे पहिले वाक्य ऐसे की, ‘माझ्या वडिलांना माझ्या बुटाचा नंबर कधीच ठाऊक नव्हता.’ हे वाक्य ते ज्या ज्या व्याख्यानी वाचीत, त्या त्या व्याख्यानी तिसऱ्या रांगेत हातरुमाल निघत. मजकूर वडील पेशाने शिंपी, आता काम थांबविलेले, त्याच घरी मागल्या खोलीत शिवणयंत्रापाशी बसून असत. त्यांस व्याख्यानाचे आमंत्रण कधी गेले नाही. विषयासच आमंत्रण धाडण्याचा रिवाज नसतो.

घरचा तमाम कारभार, म्हणजे डबा, दप्तर, नखे, लसी, आणि शाळेकडून येणारे खलिते, ग्रंथकारांच्या पत्नी एकहाती चालवीत आणि ग्रंथकार त्यावर लिहीत. ऐसी कामाची वाटणी बहुत दिवस सुखरूप चालली. बाई पूल बांधणाऱ्या इंजिनिअर. त्यांस दूरच्या एका पुलाची सहा महिन्यांची सुभेदारी मिळाली, तेव्हा त्यांनी रविवारी जेवणाच्या टेबलावर फर्मान सोडिले, ते येणेप्रमाणे:

“मी शाळेचा ग्रुप सोडलाय. आजपासून शाळेचं तू बघायचंस. आणि बघायचं म्हणजे त्यावर लिहायचं नाही रे, बघायचं!”

ग्रंथकारांनी फर्मान मस्तकी धरिले. बाई सोमवारी हेल्मेट घेऊन कूच करत्या जाहल्या, आणि मग ग्रंथकार ‘हजर बाप’ या सातव्या प्रकरणाचे शुद्धलेखन तपासण्यात ऐसे गुंतले की बुधवारच्या संध्याकाळपर्यंत घरात असून गैरहजर राहिले.

बुधवारी त्यांची कन्या, वय वर्षे सात, जिला सारे चिमणी म्हणत, ती खोलीत दाखल होऊन बोलिली, “बाबा, परवा नाटक आहे. मी ढग आहे.”

ग्रंथकारांनी आपल्याच चौथ्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे गुडघ्यावर बसून, नजरेस नजर भिडवून विचारिले, “अरे वा! आणि ढग असणं तुला कसं वाटतं?”

“कसं वाटतं काय? पांढरे बूट लागतात. अजूनही काहीतरी लागतं, ते ग्रुपवर आलंय. ज्याचे बूट नसतील तो ढग नाही, तो मागचा डोंगर. डोंगराला काही बोलायचं नसतं.”

“आणि ढगाला काय बोलायचं असतं?”

“‘आता मी बरसणार!’ आंघोळ करताना रोज ओरडते ना मी. तू ऐकलं नाहीस?”

कान असून ऐकिले नाही, हे ग्रंथकारांस मान्य करणे भाग पडले, आणि ‘ऐकणारा बाप’ हे आपलेच नववे प्रकरण होते हेही नेमके तेव्हाच आठवले.

आता तो गट कैसा, ते सांगणे जरूर. ‘दुसरी ब – आया’ ऐसे त्याचे नाव. आत एकतीस आया, बाप एकही नाही. वह्यांना कव्हर कोणत्या रंगाचे, सुटी कधी, उवा कोणत्या बाकावरून निघाल्या, ऐसी समस्त खबर प्रथम तेथे पोहोचे आणि मग उरलेल्या जगास कळे. या गडाच्या किल्लेदारीण, म्हणजे ॲडमिन, दातांच्या डॉक्टर. त्यांच्यापुढे भल्याभल्यांनी आ वासला होता. मागे त्यांनी एका बापास आत घेतले, तर त्याने तीन दिवसांत फुलांसहित अठ्ठावीस सुप्रभाते आणि एक जमिनीची जाहिरात टाकिली आणि चौथे दिवशी विचारिले की, आपला मुलगा कोणत्या तुकडीत आहे. तेव्हापासून बापांस दरवाजा बंद. फारच अडला कोणी, तर तीन सवाल, आणि तिन्हींचे जबाब बरोबर तरच प्रवेश.

गुरुवारी सकाळी शाळेच्या फाटकापाशी ग्रंथकारांनी डॉक्टरीणबाईंस गाठिले आणि म्हटले, “नाटकाला काय काय लागतं तेवढं सांगता का?”

“ग्रुपवर टाकलंय.”

“मी ग्रुपवर नाही ना.”

“हो, आलीय तुमची विनंती. काल रात्री. बायकोनं रविवारी ग्रुप सोडला. मध्ये तीन दिवस काय, चालत येत होतात?” आणि मग त्यांनी सवाल केले. “वर्गात शेजारी कोण बसतं? डब्यातून काय परत येतं? बुटाचा नंबर किती?”

ग्रंथकारांनी घसा साफ केला आणि आरंभ केला, “कसं आहे, आपण बापाची परीक्षा घेतो, आईची घेत नाही, यातच आपल्या समाजाची...”

“मला साडेनवाला एक अक्कलदाढ काढायचीय. बोला पटकन.”

“खोडरबर खाणारी मुलगी बसते शेजारी,” ग्रंथकार वदले.

“बरोबर.”

“गाजर परत येतं. मीच खातो ते.”

“दिसतंय. नंबर?”

आणि येथे तोफ थंडावली. ग्रंथकार आभाळाकडे पाहू लागले, आणि मग फाटकाकडे, आणि मग स्वतःच्या बुटांकडे, जणू तेथे काही लिहिले असावे. डॉक्टरीणबाईंनी मुदत दिली, “बाराच्या आत मेसेज करा. एक वाजता सगळ्यांच्या बुटांची यादी दुकानात जाते. त्यात नाव नसलं की डोंगर.”

ग्रंथकार घरी दौडत आले. चिमणीचे रोजचे बूट चिमणीच्या पायांत, पाय शाळेत, शाळेचे फाटक बंद. पत्नीस अकरा वेळा फोन लाविला. त्या पुलाखाली, रेंज पुलावर. मग त्यांनी बुटांचे कपाट उलथेपालथे केले, आणि सर्वांत वरल्या खणात, कागदात गुंडाळून नीट ठेविलेले लाल बूट हाती लागले. तळव्यावर आकडा स्पष्ट: दहा. ग्रंथकारांनी आनंदाने आरोळी ठोकिली आणि डॉक्टरीणबाईंस ‘दहा’ ऐसा खलिता धाडिला.

उलट टपाली जबाब आला: ‘दहा नंबर बालवाडीतल्या मुलीचा. तुमची मुलगी आता दुसरीत आहे. कळवलं नाही का कोणी?’

लाल बूट आठवण म्हणून जपून ठेविलेले होते, हे मग ध्यानी आले. साडेअकरा वाजले. ग्रंथकार एका हाती दहा नंबरचा बूट धरून खुर्चीवर बसले आणि डोळ्यांपुढे हिरव्या पुठ्ठ्यामागे उभी राहिलेली मुकी चिमणी दिसू लागली आणि ‘आता मी बरसणार’ हे वाक्य तिच्या ओठांतल्या ओठांत विरताना दिसू लागले. तीनशे बारा पानांपैकी एकही पान कुमकेस आले नाही.

तेव्हा मागल्या खोलीतून आवाज आला, “काय रे, एवढी आदळआपट कसली?”

“चिमणीच्या बुटाचा नंबर हवाय, बाबा. तुम्हाला नाही कळायचं ते.”

“बारा,” शिंपीबुवा सुईत दोरा ओवता ओवता बोलिले. “डावा पाय सुतभर मोठा आहे. घालून बघशील तेव्हा डावा आधी घाल. उजवा काय, कसाही बसतो.”

ग्रंथकार लाल बूट हाती घेऊनच आत आले. शिंपीबुवांनी यंत्राच्या खणातून मापांची जाड वही काढिली, जिच्यात गिऱ्हाइकांच्या छात्या, कंबरा आणि बाह्या चाळिसाहून अधिक वर्षे नांदत होत्या. शेवटल्या पानांवर चिमणीचे पाऊल पेन्सिलीने गिरविलेले, तारखेसुद्धा, गेल्या महिन्यातले. आणि मग ग्रंथकारांनी, होऊ नये ती बुद्धी होऊन, वही मागे मागे उलटिली. तेथे दुसरे पाऊल. त्याखाली लहान, त्याहून लहान. पहिल्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, वर्षाला दोन, एकूण बत्तीस पावले, आणि वर शिंप्याच्या वळणदार अक्षरात ग्रंथकारांचे घरातले नाव: ‘बंड्या’.

“तुम्हाला माझा नंबर माहीत होता?”

“आता हे काय विचारणं झालं! झोपलास की माप घ्यायचो. जागेपणी गुदगुल्या व्हायच्या तुला, लाथा मारायचास.”

“मग कधी बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं त्यात? बूट बसत होते ना?”

ग्रंथकारांनी वही मिटिली आणि मोबाइल उचलिला.

बारास चार मिनिटे कमी असता ‘बारा, डावा मोठा’ ऐसा खलिता गेला आणि गडाचा दरवाजा उघडला. आत जाताच ग्रंथकारांवर आठ ढगांस कापूस चिकटविण्याची कामगिरी पडली, कारण नव्या शिपायास प्रथम डिंकाचे काम देणे हा तेथील दस्तूर. त्यांनी ते संध्याकाळभर केले. डिंक दाढीस लागला, दाढीस कापूस लागला, आणि शिंपीबुवा म्हणाले, “नववा ढग छान झालाय.”

त्याच संध्याकाळी, बोटे चिकट असता, ग्रंथकारांनी प्रकाशकास फोन करून पहिले वाक्य काढण्याची आज्ञा केली. प्रकाशक हवालदिल होऊन म्हणाले, “अहो, त्या वाक्यावर दुसरं उभं आहे, दुसऱ्यावर तिसरं! ते काढलं तर अख्खं पहिलं प्रकरण बसतं खाली.” ग्रंथकार बोलिले, बसू द्या. ऐसे सतरा पाने रणी पडली. त्यांचा शोक कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

शुक्रवारी पडदा उघडला. पांढऱ्या बुटांचा ढग पुढे आला आणि ‘आता मी बरसणार!’ ऐसे इतक्या जोराने गर्जला की मागचा डोंगर दचकून बाजूस सरला. तो डोंगर त्या अठ्ठावीस सुप्रभातांच्या बापाचा मुलगा होता, ऐसे सांगतात.

येणेप्रमाणे गड फत्ते जाहला, ढगाचा आब राहिला. संध्याकाळी पुलावरून पत्नींनी पुसिले, “घेतलं का रे आत?” तेव्हा ग्रंथकारांनी छाती फुगवून गटाची यादी उघडिली, आणि आपले नाव शोधिले, आणि ते सापडेना. यादीत ज्याचे त्याचे नाव लिहिण्याचा त्या गडाचा रिवाजच नाही. अखेर बत्तिसावे ओळीस त्यांची सनद सापडली: ‘चिमणीची आई – २’.

दुरुस्ती मागावी काय, ऐसा विचार त्यांनी घटकाभर केला आणि मग मागितली नाही. पुढे मंगळवारी उवांची खबर आली, तेव्हा समस्त आयांच्या आधी ‘वाचले, केस तपासले’ ऐसा जबाब गेला, आणि खाली सही तीच: चिमणीची आई, दुसरी.