गिऱ्हाइकं हाकलणारे चंपाशेठ

आपल्याच गिऱ्हाइकांना हाकलून देणारा दुकानदार आष्टीच्या बाजारात एकच होता. नाव चंपालालजी, गावाच्या तोंडी चंपाशेठ. दुकान औषधांचं. तेव्हा, म्हणजे नव्वदच्या आसपास, आमच्या बाजूला दुसरं नव्हतं. त्यामुळे हाकलले गेलेले लोक दोन दिवसांनी पुन्हा येत आणि पुन्हा हाकलले जात.

मी शाळेत मराठी शिकवायचो आणि दुकानासमोरच्या माडीवर भाड्याने राहायचो. संध्याकाळी गॅलरीत पुस्तक घेऊन बसलो की खालून हमखास आवाज चढायचा.

"अण्णा, खोकल्याची बाटली भेटली ना? मंग निघा."

"अरे, पण खोकला कवा जाईल ते तर सांगशील?" अण्णा म्हणजे माजी सरपंच. वजनदार माणूस.

"तुम्ही घरी गेल्यावर जाईल. औषध हाय अण्णा, भजी न्हाईत हितंच उभं राहून खायला."

अण्णा काठी आपटत निघून जात. इतर दुकानांपुढे बाकडी असत, त्यांवर माणसं दिवस मावळेपर्यंत बसत. चंपाशेठच्या दुकानापुढे बाकडं नव्हतं. होतं ते त्यांनी स्वतः उचलून मारुतीच्या देवळाला देऊन टाकलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं जालन्याला कापडाच्या धंद्यात. एकट्यानं राहून शेठचं डोकं फिरलं, असं गावानं ठरवून टाकलं होतं.

शेठच्या रागाला एक शिस्त आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. राग यायच्या आधी दुकानाच्या खांबाशी कोणीतरी तरुण उभा असे. नुकतं लग्न झालेला, खिशात हात घातलेला, तीनदा डोकेदुखीची गोळी मागून तिन्ही वेळा न घेणारा. भरल्या दुकानात निरोध मागण्याची छाती आष्टीत कोणाची नव्हती. शेठ मग सगळ्यांत मानाच्या गिऱ्हाइकाशी भांडण काढत. मानाचा माणूस रागावून गेला की त्याच्यामागे बाकीचेही जात. दुकान रिकामं झालं की शेठ छताकडे बघत म्हणत, "तोंड उघडू नको. बोट दाव."

पोरगा बोट दाखवी. शेठ पुडी बांधून देत. त्यांच्या सगळ्या पुड्या एकसारख्या असत. बाम असो, जुलाबाची गोळी असो की निरोध, वर्तमानपत्राचा तोच चौकोन आणि तोच दोरा. पुडीवरून आतलं ओळखणारा माणूस गावात नव्हता.

पोरांचं असं भागत होतं. सुनांचं अवघड होतं. सरकारी सिस्टर घरोघर जात, पण बसत सासूजवळ, आणि बोलत दोन लेकरं झालेल्या बायकांच्या ऑपरेशनबद्दल. एका लेकरावर थांबू पाहणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या सुनेनं कोणाला विचारायचं, याची सोय नव्हती.

शेठ ज्याच्याशी कधीच भांडत नसत असं गावात एकच माणूस होतं, द्वारकाबाई. मोठ्या शेतकरी घरातली, हातापायानं भक्कम, बोलायला त्याहून भक्कम. तिला भाऊ नव्हता आणि शेठची बहीण दूर राजस्थानात. कधीतरी तिनं शेठना ओवाळलं आणि ती त्यांची ताई झाली. शेठ जैन. कांदा-लसूण चालत नसे, सूर्य मावळल्यावर जेवण नसे. त्यांच्यासाठी द्वारकाबाईनं भांडी वेगळी ठेवली होती, आणि भाऊबीजेला ऊन असतानाच त्यांचं ताट वाढलेलं असे. बाजाराच्या दिवशी ती आली की आतून स्टूल निघे. त्या दुकानातलं एकमेव स्टूल. मग तासभर गप्पा. शेठना गप्पांची किती हौस होती, हे त्या तासाभरात कळे.

द्वारकाबाईची सून रेखा. पहिल्या बाळंतपणात तिला जीपमध्ये घालून जालन्याला न्यावं लागलं होतं. वाचली, एवढंच. डॉक्टरीणबाईनं बजावलं, तीन वर्षं दुसरं नको, नाहीतर ही पोरगी हाती लागणार नाही. गोळ्यांचं एक पाकीटही दिलं. द्वारकाबाईचं म्हणणं, डॉक्टर लोक असंच बोलतात, आणि गोळ्यांनी कूस वाळते. घरात गोळ्यांचा विषय संपला. रेखा लपवून घेत राहिली, आणि पाकीटही संपलं. बाहेर पडायची ती सासूबरोबरच.

एका बाजाराच्या दिवशी डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायला मी दुकानात उभा होतो. द्वारकाबाई स्टुलावर, मागे रेखा, कडेवर मूल. बोलता बोलता सासूनं पाठ वळवली तशी रेखानं पदराखालची मूठ उघडली. तळहातावर गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. शेठनी पाहिलं. मीही पाहिलं. मूठ मिटली.

"दादा, यंदा भाऊबीजेला पुरण करू का बासुंदी?" द्वारकाबाई विचारत होती.

शेठनी हातातली पुडी बांधून संपवली. मग म्हणाले, "काहीच करू नको."

"का वो?"

"तुझ्या हातचं खाल्लं की घरी येऊन मला माझ्याच दुकानातली पोटाची गोळी घ्यावी लागती. दरसाल."

माणसं हसली. द्वारकाबाईही हसली. "थट्टा करून राह्यले काय दादा?"

"बिलकुल न्हाई. माझी भांडी तरी बराबर घासती का तू?"

आता कोणी हसलं नाही. द्वारकाबाई उठली. "या दुकानाची पायरी पुन्हा चढले तर नावाची द्वारका न्हाई!"

"लई उपकार होतील," शेठ म्हणाले आणि स्टूल आत नेऊन ठेवलं.

तिनं शब्द पाळला. पण तिचे गुडघे दुखायचे थांबले नव्हते. तेल आणायला, गोळ्या आणायला आता रेखा एकटी येऊ लागली. तेलाच्या पुडीबरोबर दुसरी पुडी जाऊ लागली. पुढे तिच्याबरोबर गल्लीतली आणखी एखादी सून दिसे.

भाऊबीजेला सगळा बाजार बंद आणि चंपाशेठचं दुकान उघडं. मी खाली गेलो. म्हणालो, "शेठ, मी मध्ये पडतो. एक शब्द टाकला की ताई विसरतील."

"पडू नका मास्तर. गोड झालं की ती पुन्हा स्टुलावर येऊन बसल. मंग पोरगी कवा येईल?"

"तीन वर्षांनी तरी?"

"तवा तरी काय सांगू? पोटदुखी खोटी होती म्हणून? मंग खरं काय ते बी सांगावं लागल. पोरीला तिथंच नांदायचंय." एवढं बोलून त्यांनी काचेचं कपाट पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर रेखाला मुलगा झाला. आईही धड राहिली. द्वारकाबाई नातवाला कडेवर घेऊन बाजारात आली, आणि दुकानासमोरून मान वळवून गेली. शेठ दाराशी उभे होते.

काही वर्षांनी शेठ जालन्याला मुलांकडे असताना वारले. निरोप आष्टीत पोहोचला तेव्हा तो द्वारकाबाईला मीच जाऊन सांगितला. ती ओसरीवर गहू निवडत होती. सूप तसंच मांडीवर राहिलं.

"सर, तुम्ही समोरच राह्यचे. माझं काय चुकलं हो त्याचं?"

रेखानं आणून दिलेला चहा संपवून मी कप खाली ठेवला.

"त्याची भांडी मी राखेनं घासून कापडात बांधून ठेवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची न्हाई." ती पदरानं तोंड पुसू लागली. "भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळती. इतकी वर्सं मी चंद्राला ओवाळलं. गावात भाऊ असून."

रेखा चहाचे रिकामे कप न्यायला आली होती. ती जागीच थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"स्वभाव होता त्यांचा, मावशी," मी म्हणालो.

"मोठा वाईट स्वभाव," द्वारकाबाई म्हणाली आणि रडू लागली.

रेखा वाकून कप उचलत होती. दोनच कप होते, पण तिला बराच वेळ लागला.