घाडगे आणि त्यांची न वळणारी मान

आमच्या नेरूळच्या सोसायटीतले घाडगे माणसं चपलांवरून ओळखतात. मणके एकमेकांना चिकटत जाण्याच्या जुन्या आजाराने त्यांची पाठ वाकून कडक झालेली, मान पुढे झुकलेली. नजर कायम जमिनीकडे. मी लिफ्टशी पोचले की खाली बघतच म्हणतात, "मॅडम, डावी टाच झिजलीय. तिरकं चालताय."

रबाळ्याच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर माल तपासला. निवृत्तीनंतर आम्हाला तपासतात. सातारची बोली, लग्न केलेलं नाही, आणि कुणी हाक मारली तर मान न वळवता अख्खे वळतात. "आमची मान फिक्स हाय," म्हणतात.

परवा लॉबीतल्या ओल्या लादीवरून ते घसरले. पडले असंही म्हणता येणार नाही, नुसते बसले. उठले, चाललेही. पण मान दुखायला लागली. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. "काही नाही, बाम लावा," असं तिथे सांगितलं. घाडगे अडून बसले. "आवं, आमचा कणा बांबूवानी झालाय. जरा धक्का बसला तरी मोडतो, आन् साध्या फोटोत दिसत नाय. माझ्या डॉक्टरनं बजावलंय. सीटी स्कॅन करा!"

मोठ्या हॉस्पिटलात न्यायला अॅम्ब्युलन्स आली. माणसं त्यांना फळीवर सपाट झोपवायला लागली, तसे ते ओरडले, "मान सरळ करू नका! जशी हाय तशीच ऱ्हाऊ द्या!" त्यांच्या सांगण्यावरून मी डोक्याखाली तीन उशा रचल्या. झुकलेली मान होती तशीच टेकली.

स्कॅनमध्ये मानेचा मणका आरपार मोडलेला दिसला. "उशा दिल्यात ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "मान सरळ केली असती तर हातपाय गेले असते." सळ्या आणि स्क्रू घालून ऑपरेशन करायचं ठरलं. मी बाहेर बाकावर बसून होते. नर्सने हाक मारली, "घाडग्यांची बहीण कोण?"

कुणीच उठेना. तिने कागद वाचला. त्यावर माझं नाव होतं.

"मीच," मी म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटं हलवून दाखवली, पायाचीसुद्धा.

"फॉर्मात कायतरी लिवावं लागतं," मग म्हणाले. "राग आला का?"

"आला. बहीण होते, तर इतकी वर्षं मॅडम कशाला म्हणत होतात?"

घाडग्यांनी डोळे मिटले.

"तुमाला चालंल का, हे इचारायचं धाडस कुठनं आणायचं?"