वरवटच्या समुद्रातला लाल मासा

एक मिशी. दोन्ही टोकं वर. आजवर दोनदाच उतरवलेली : एकदा वडील गेले तेव्हा, एकदा आई गेली तेव्हा.

प्राणिशास्त्रात बी.एस्सी. दुसरा वर्ग.

मूठभर शेव.

मामींचा कुंकवाचा करंडा, सकाळी काठोकाठ भरलेला.

काही मासे पाण्याबाहेरही बराच वेळ जगतात.

१९६३ च्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, भालचंद्र आणि सुहासिनी वरवट बकालला एस.टी.तून उतरले. लग्नाला पाच महिने झाले होते. त्या पाच महिन्यांत अकोल्याच्या दोन खोल्यांत बसून भालचंद्राने बायकोला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली होती : वामनमामांच्या ओसरीवरचं मत्स्यालय. केवढं मोठं! आत आपण पोहू शकलो असतो. समुद्रच म्हण.

समुद्र ओसरीवरच होता. एका लाकडी स्टुलावर, कपड्यांच्या ट्रंकेएवढा. त्यात एकच राखाडी मासा होता, पण इतका दांडगा की वळायचं झालं तर त्याला आधी विचार करावा लागे.

"अहो, हाच समुद्र?" सुहासिनी म्हणाली.

"तेव्हा मी लहान होतो."

"समुद्रही लहानच असणार."

तेवढ्यात मामी तिला पाणी द्यायला आत घेऊन गेल्या आणि वामनराव बाहेर आले. मिशीला पीळ देत म्हणाले, "बरं झालं आले. चार वाजता परीक्षा हाय."

"कोणाची, मामा?"

"माशाची. सूनबाई मासोळ्यायचं शिकली ना? मंग तेच घेईन परीक्षा."

वामनरावांचं घर पिढीजात शाकाहारी. त्या घरात मासा आला तो फक्त पाहण्यासाठी, १९४६ साली, मुंबईहून, काचेच्या बरणीत. लालभडक. रोज त्याला भाकरीचा चुरा मिळे आणि एकादशीला भगर. दोन वर्षांनी एका दिवसात त्याचा रंग उडाला. "उन्हाळा कडक हाय," असं वामनरावांनी गावाला सांगितलं आणि गावाने ते मानलं, कारण उन्हाळा खरंच कडक होता. नदीवर मासे धरणाऱ्या भोयांना विचारावं असं कोणाच्या मनात आलं नाही. मुंबईच्या माशातलं त्यांना काय कळणार?

पण यंदा होळीनंतर समोरच्या घरचे पंजाबराव मुंबई पाहून आले.

"पारावर पन्नास माणसात म्हणे, असा मासा मुंबईच्या मत्स्यालयात नाहीच," वामनराव सांगू लागले. "म्हणे, असला तं मी मिशी उतरवतो, नसला तं तू उतरव. मी म्हटलं, लागली! माही भाचसून येऊ दे, तिले इचारू. ते म्हणीन ते कायम."

"कशाला लावली पैज, मामा?"

"म्या कुठं लावली? तोंडातून निघून गेली."

मामा जेवून आत लवंडले. सुहासिनी पुन्हा ओसरीवर आली. तिने काचेला नाक लावलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"हा मरळ आहे. नदीतला. हा कधीच लाल नव्हता."

"हळू बोल!" भालचंद्र म्हणाला. आणि पंधरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्याने खांबाआड उभं राहून सांगितली. नऊ वर्षांचा असताना तो सुट्टीला आला होता. लाल मासा त्याला भुकेला वाटला. त्याने मूठभर शेव घातली. दुपारी मासा उलटा तरंगत होता. त्याने तो लिंबाखाली पुरला, पंचा घेऊन नदी गाठली आणि सापडली ती बोटभर मासोळी आणून काचेत सोडली.

"मामांना माहीत नाही?"

"त्यांना कळलं तर जीव जाईल त्यांचा. तू फक्त म्हण की मुंबईचा लाल मासाच आहे, रंग उडालाय."

"मी खोटं सांगणार नाही. माझी पदवी आहे."

"मामांची मिशी आहे! पैजेवर!"

"पण पैज नेमकी काय ला..."

ऐकायला भालचंद्र तिथे नव्हता. त्याला कल्पना सुचली होती. लाल मासा लालच दिसला तर परीक्षा कसली?

देवघरातून त्याने मामींचा करंडा उचलला, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी माशाला कुंकू फासायला सुरुवात केली. मरळाला पंधरा वर्षांत कोणी हात लावला नव्हता. त्याने एकच उसळी मारली, भालचंद्राच्या कानशिलावर शेपटी हाणली आणि तो ओसरीवर पडला. पडून राहिला असता तर ठीक होतं. तो निघाला. सारवलेल्या जमिनीवर लालभडक नागमोडी रेघ ओढत, उंबरठा ओलांडून थेट देवघराकडे. मागे भालचंद्र, रांगत.

मामी माजघरातून बाहेर आल्या. रेघ पाहून त्यांनी हात जोडले.

"लक्ष्मी आली गं बाई! भालू, आत गेली का बाहेर?"

"आत, मामी, आत!"

"मंग ओलांडू नको बापा!" असं म्हणून मामींनी रेघेवर हळद टाकायला घेतली. त्यामुळे भालचंद्राला भिंतीला चिकटून जावं लागलं. देव्हाऱ्याखाली एकदाचा मासा सापडला. त्याला मामांच्या उपरण्यात गुंडाळून तो वळला, तर दारात मामा उभे.

मामांनी भाच्याचे लाल हात पाहिले. लाल कान पाहिला. उपरणं पाहिलं.

"कुंकू काऊन बे लावलं?" ते हळूच म्हणाले. "पाण्यात टिकत नाई ते. पळसाची फुलं उकळा लागते, चिमटीभर चुना टाकून. दर पंधरा दिवसाले एक हात."

भालचंद्राच्या हातून मासा पुन्हा सुटला असता.

"मामा... तुम्ही रंगवत होता?"

"मंग काय करू? मुंबईचा तं गाडीतच मेला. इकडं सारं गाव वाट पाहून राह्यलं व्हतं. नांदुऱ्याले उतरलो, एका भोयाकडून मासोळी घेतली, रंगवली अन बरणीत टाकली."

"मग मी मारला तो..."

"तू मारला व्हय?" मामांनी क्षणभर डोळे मोठे केले. "मले वाटलं, माह्या चुन्यानं मेला. दोन दिवस जेवलो नाई बे मी! दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तं त्याच्या जागी राखाडी मासा. म्हटलं, देवानं बदलून देल्ला. आता रंगवाची कटकट गेली."

बाहेर पंजाबराव खाकरले. चार वाजले होते.

अर्धं गाव ओसरीवर जमलं. काचेतलं पाणी पानाच्या पिंकेसारखं झालं होतं आणि त्यातून माशाचं नुसतं थोबाड दिसत होतं.

"पाणी लाल काऊन?" पंजाबरावांनी विचारलं.

"आज लक्ष्मी आलती," मामी आतून म्हणाल्या. त्यावर दोघातिघांनी हात जोडले.

सुहासिनी पुढे आली. मामांचा हात नकळत मिशीकडे गेला. बहुधा निरोपाला.

"काका, आधी पैज काय आहे ते मला तुमच्या तोंडून कळू द्या," ती पंजाबरावांना म्हणाली. "आमच्या घरात कोणी नीट सांगतच नाही."

पंजाबरावांनी पारावरचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"म्हणजे, असा मासा मुंबईच्या मत्स्यालयात आहे की नाही, एवढंच?"

"एवढंच."

"आहे की. कॉलेजच्या सहलीत मी पाहिलाय. शेवटच्या दालनात, उजव्या हाताला, देशी नद्यांच्या माशांत. चित्र काढून वहीत चिकटवलंय. तुम्ही शेवटचं दालन पाहिलं?"

पंजाबरावांनी गुडघा चोळला. "कासवापाशी पाय दुखाले लागले, म्हणून मी बाकावर बसलो. बाकी मंडळी गेलती पुढं."

ओसरी खदखदून हसली. कोणीतरी न्हाव्याला हाक मारली. पंजाबरावांचा चेहरा उतरला. त्यांची ऐंशी वर्षांची आई समोरच्या दारात बसून हे सारं पाहत होती. आई जिवंत असताना मुलाने मिशी उतरवणं म्हणजे काय, हे ओसरीवर सगळ्यांना माहीत होतं.

"राहू द्या," वामनराव म्हणाले. "मिशी काही पळून नाई जात. फक्त दर होळीले पारावर म्हणायचं, वामनरावचा मासा मुंबईत हाय."

"म्हणीन," पंजाबराव म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

"मी विचारत होते तेव्हा थांबला असता, तर एवढं कुंकू वाचलं असतं," सुहासिनी नवऱ्याला म्हणाली. भालचंद्र कान धूत होता. रंग जात नव्हता.

"सूनबाई," मामांनी विचारलं, "शेव खाल्ल्यानं मासा मरते काय?"

"मरू शकतो. तेल असतं ना, मामा. का हो?"

"काई नाई. भालूसाठी इचारलं."

१९४६ च्या मार्चमध्ये मनमाड स्टेशनावर वामनरावांनी शेव घेतली होती. एकट्याने खाणं बरं दिसेना, म्हणून चिमूटभर बरणीत टाकली.