'गारपीट' आणि पोस्टरवरचे चौघे

औशात 'गारपीट' आली की लोक खुर्च्या मोडणार, हे मी आठ दिवस आधीच छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. आणि मोडल्याच! फक्त आम्ही वाजवायला सुरुवात करायच्या आधी.

'गारपीट' म्हणजे आमचा बँड. लातूरचा पहिला आणि, दुसरा कुणी काढलाच नाही म्हणून, एकमेव रॉक बँड! बहात्तरच्या दुष्काळात आम्ही चौघं मित्र रोजगाराच्या कामावर हजेरीपत्रक लिहायला होतो. दिवसभर खडी फुटताना ऐकायची आणि संध्याकाळी तसाच आवाज काढायचा, अशी सुरुवात झाली. सिकंदराबादहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली ती मी, मडिवाळप्पाने. ड्रमवर भुजंग, बेसवर शेषेराव आणि गायला बसवंत. बसवंतने आवाज लावला की जत्रेतले बैल दावं तोडायचे! उदगीर, निलंगा, कंधार, मुखेड... दहा वर्षं आम्ही एका मेटॅडोरमध्ये एकमेकांच्या खांद्यावर झोपत फिरलो.

मग ब्याऐंशीला लातूरचा जिल्हा झाला. सगळ्यांनी पेढे वाटले, मीही वाटले. नव्या कचेरीत भुजंगला कारकुनी मिळाली. शेषेराव अर्धापूरला सासऱ्याच्या केळीच्या बागेत गेला. बसवंतने औशाची वडिलांची आडत सांभाळायला घेतली. मला मिळाले तीन भाडोत्री गडी, एक गाणारा आणि दोन वाजवणारे. तिघंही मला 'मालक' म्हणतात. बँडमध्ये आपल्याला कुणी मालक म्हणायला लागलं की समजावं, आपण एकटे पडलो.

पोस्टर मात्र मी जुनंच ठेवलं. छापखान्यात आमच्या चौघांच्या फोटोचा ब्लॉक होता, बहात्तर सालचा. नवा करायला खर्च येतो, असं मी सांगायचो. खरं म्हणजे त्या तिघांना पोस्टरवरून काढायला माझा हात धजत नव्हता.

यंदा पुन्हा पावसाने दडी मारलेली. जत्रा बंद, लग्नं उरकून टाकलेली. जिल्ह्याला वर्ष झालं म्हणून औशातला कार्यक्रम कसाबसा मिळाला. माझा बेत पक्का होता! बसवंतच्या आडतीसमोर मी सात पोस्टरं लावून घेतली. पहिल्या रांगेत त्याच्या नावाची खुर्ची ठेवायला कळवलं. गर्दी बघून त्याचा गळा खवखवणार, तो स्टेजवर चढणार आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर धर्माबादच्या कार्यक्रमाला निघणार. मला तो परत हवा होता. बाकी औशाशी मला काही देणंघेणं नव्हतं.

दुपारी चारला आम्ही पोचलो. कार्यक्रमाचे प्रमुख गुरुपादप्पा, कापड दुकानदार, कपाळभर विभूती, हातात पोस्टर घेऊनच समोर आले.

"पाव्हणं, ह्ये चौघं कुठं हायत?"

"त्यातला हा पहिला मी."

त्यांनी पोस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पोस्टरकडे पाहिलं. पोस्टरवर माझे केस खांद्यापर्यंत होते आणि गाल आत गेलेले होते. आता डोक्यावर काही नव्हतं आणि शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसली होती.

"ह्यो तुमी?"

"हो."

"मग वरलं सगळं कुठं गेलं, अन् ह्ये मधलं कुठनं आलं?"

पहिल्या रांगेत नीलाबाई बसल्या होत्या, रिकामी घागर मांडीवर घेऊन. टँकर आला तर धावायला बरं म्हणून! त्या कडाडल्या, "टँकर येनार म्हून सांगत्यात अन् रिकामा ट्रक येतो. आता गानंवाले बी तसलेच आणले!"

झालं! वर्षभर फसवली गेलेली माणसं ती. "नकली! नकली!" असा गलका उठला.

मी घाईघाईने आमचा गायक सटवाजी याला पुढे केलं. "सांग रे, आपण कोण ते!"

सटवाजी हात जोडून म्हणाला, "मला काय म्हाईत न्हाई. मी मागल्या म्हयन्यातच लागलोय!"

पहिली खुर्ची तेव्हा मोडली. दुसरी मोडली तसा बेसवाला सामानाच्या मागे जाऊन बसला. गुरुपादप्पांनी पोलीस बोलवायला माणूस धाडला.

"अहो, आडतीवरच्या बसवंतला बोलवा!" मी ओरडलो. "तो सांगेल मी कोण आहे ते!"

ज्याला थाटामाटात भुलवायचं होतं, त्याला साक्षीला बोलवायची वेळ आली!

बसवंत आला. खांद्यावर ज्वारीची धूळ, बाकी जसाच्या तसा. गर्दीतून कुणी म्हणालं, "हाव, ह्यो हाय की फोटोतला!"

"बसवंतआप्पा, ह्याला वळखता का?" गुरुपादप्पांनी विचारलं.

बसवंत माझ्याकडे बघत राहिला. वर्षभरात आमची भेट नव्हती.

"लई बदललाय," तो म्हणाला.

"म्हंजी ह्यो त्यो न्हवं?"

"तसं न्हाई म्हनत. वाजवू द्या त्याला."

मी आमचं पहिलं गाणं धरलं. बसवंत डोळे मिटून ऐकत होता. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथ्या ओळीला त्याने कपाळावर हात मारला.

"चुकला! अकरा वर्सं झाली, हितंच चुकत आलाय! ह्यो मडिवाळ्याच हाय, लिहून घ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बरोबर वाजवून मला इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. मग लोकांनी बसवंतला सोडलंच नाही. त्याने ते गाणं म्हटलं. तोच आवाज! मी मान खाली घालून गिटारीकडे बघत राहिलो, कारण डोळे भरून आले होते आणि आता डोळे झाकायला केसही नव्हते.

गाणं संपलं तसा मी धीर केला. "उद्या धर्माबादला कार्यक्रम आहे. येतोस?"

त्याने स्टेजमागच्या गाडीकडे नजर टाकली. "मेटॅडोर जाणार का?"

"सकाळी सहाला."

"येतो."

मी सटवाजीला तिथल्या तिथं सुट्टी देऊन टाकली!

सकाळी सहाच्या ठोक्याला बसवंत काखेत मोठं गाठोडं घेऊन हजर. कपडे असतील, म्हणजे गडी मुक्कामाच्या तयारीने आलाय! वाटभर मी बोलत होतो. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर, भुजंगला रजा मिळेल का, शेषेरावला पत्र टाकू का. बसवंत "हाव, हाव" म्हणत होता.

धर्माबादच्या मोंढ्यापाशी, धान्याच्या बाजारात गाडी आली तसा तो म्हणाला, "थांबव गाडी." आणि गाठोडं सोडलं. आत रिकामी पोती होती!

"औशात ज्वारी संपलीय रे. हितं तेलंगणातली येती. गाडी भेटत नव्हती, तुझी आयती भेटली."

"आणि कार्यक्रम?"

"तू कर की. सौदा झाला की येतो ऐकायला."

कार्यक्रमात मीच गायलो. त्याबद्दल काही विचारू नका! बसवंत शेवटच्या गाण्याला आला आणि मागे उभा राहिला. टाळी त्याने एकट्याने वाजवली.

परतीला मेटॅडोरमध्ये तीस पोती चढली. वाजवणारे दोघं एसटीने गेले. बसवंत ड्रायव्हरशेजारी बसला आणि मी मागे पोत्यांवर, गिटार मांडीवर घेऊन. मधल्या काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. औशाला पोती उतरवायला मीही हात लावला.

काम झाल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मडिवाळ्या, पुढला कार्यक्रम कुठं?"

वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"अजून ठरला नाही. का रे?"

"देगलूरला ठेव. तिकडं तांदूळ बरा भेटतो."

देगलूरची तारीख मी घेतली आहे. गायक काही ठेवलेला नाही. गाडी मात्र या वेळी मोठी सांगितली आहे!