आमच्या एसीचे लाभक्षेत्र

उन्हाळ्यात बिघडलेला एसी दुरुस्त करून घ्यावा, हा निर्णय मी पूर्ण विचारांती घेतला. विचार पत्नीचा होता. मागच्या वैशाखात तिला, म्हणजे मनकर्णाला, ऊन लागून दवाखान्यात ठेवावे लागले होते. यंदा दुपारी तिला गार खोलीतच ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. शिरूर कासारला गार खोली निसर्गतः आढळत नाही, म्हणून एसी घेतला होता. तो नेमका चैत्रात गरम वारा फेकू लागला.

दुरुस्तीवाला सुग्रीव आला. एसी उघडण्याआधी त्याने पिशवी उघडली.

"गॅस गेलाय, गुरुजी. तो भरतोच. पण वर्षाचा प्लॅन कोणता घेता?"

प्लॅन तीन होते. साध्यामध्ये सुग्रीव फोन उचलतो. चांदीमध्ये येतो. सोन्यामध्ये दुरुस्तही करतो. ग्रंथपालाच्या नोकरीमुळे तळटीपांसकट वाचायची मला सवय आहे. तिन्ही पत्रके दोनदा वाचली. काही कळले नाही तेव्हा आपलीच समज कमी असेल असे धरून सोने घेतले.

खोली गार झाली. मनकर्णा कित्येक दिवसांनी दुपारी गाढ झोपली. एसीचे पाणी नळीतून मागच्या बोळात ठिबकू लागले. पाण्याचा टँकर येईल तेव्हा खरा, म्हणून शेजारच्या छबुबाईंनी नळीखाली घागर ठेवली. मला बरेच वाटले. दुसऱ्या दिवशी तिथे घागरींची रांग होती, आणि रांग दिसली की आमच्या जिल्ह्यात संस्था निघते.

संध्याकाळी माणिकराव आले. ते दूध संस्थेचे चेअरमन. गुरे छावणीला गेल्यापासून संस्थेत दूध नव्हते, चेअरमन होते.

"गुरुजी, पाणी तुमच्या एकट्याचं न्हाई. हवा समद्यांची, मग तिच्यातलं पाणीबी समद्यांचं."

एसी माझा आहे, असे मी म्हणणार होतो. पण त्यांचे वाक्य माझ्या वाक्यापेक्षा चांगले होते.

सहकारी ठिबक-जल संस्था स्थापन झाली. गल्लीत जितकी घरे तितके संचालक. मला स्थळदाता म्हणून नारळ मिळाला.

पाणी मात्र पुरेना. सुग्रीवला विचारले.

"हवाच लई कोरडी हाय. पाणी येणार कुठून? खोलीत माणसं बसवा. श्वासातनं, घामातनं ओल येती."

लगेच ठराव झाला: संचालक मंडळाने गल्लीच्या हितासाठी दुपारभर खोलीत बसून श्वास घ्यावा. गारव्यात घाम येईना, म्हणून चहा ठेवावा. चहाला पाणी घागरीतले. सायंकाळपर्यंत जेवढे पाणी जमे, तेवढ्याचा चहा झालेला असे. अहवालात याची नोंद 'पाण्याचा पुनर्वापर' अशी आहे.

मनकर्णाची खाट ओट्यावर आली.

"चेअरमन, तिला एका कोपऱ्यात तेवढी..." मी म्हणालो.

"वहिनींनी बसावं की! पण त्या सभासद न्हाईत. आन् आजारी माणसाला घाम कमी. संस्थेचं नुकसान कावून करायचं?"

हे मी मनकर्णाला जमेल तितक्या सौम्य शब्दांत सांगितले.

"अहो, जन्मभर एवढी पुस्तकं वाचलीत," ती म्हणाली, "'उठा' हा शब्द कुठंच सापडला न्हाई का तुमाला?"

एव्हाना टँकर पुढच्या गल्लीत वळू लागला होता. तहसील कार्यालयाच्या दृष्टीने आमच्याकडे स्वतंत्र उद्भव, म्हणजे पाण्याचा स्वतःचा स्रोत, होता. मी भीतभीत तक्रार केली. टंचाईची पाहणी करायला साहेब भर दुपारी आले आणि जीपमधून थेट खोलीत शिरले. मंडळाने सत्काराची शाल दिली. ती त्यांनी खरोखरच पांघरून घेतली. दुसऱ्या कपानंतर त्यांनी शेरा लिहिला: 'हवामान सुखद. उद्भव चालू. टंचाई आढळली नाही.' पुढच्या गल्लीतला टँकरही बंद झाला.

मग एसीला क्षणाचीही विश्रांती देणे परवडणारे नव्हते. सुग्रीवने संस्थेसाठी खास हिरा प्लॅन काढला. त्यात तो स्वतःच खोलीत बसतो. माणिकरावांनी ठराव मांडला की पाऊस पडेपर्यंत खोली संस्थेच्या ताब्यात राहावी.

"कुणाचा विरोध?"

मी दाराकडे पाहिले. बाहेर मनकर्णा सोन्याच्या प्लॅनच्या पत्रकाने वारा घेत होती. त्या प्लॅनमधली तेवढीच सेवा चालू होती. मग तिचा हात थांबला आणि पत्रक छातीवर तसेच पडून राहिले.

हे वाचताना तुम्हाला राग आला असेल. एका 'उठा'साठी एवढे पाल्हाळ कशाला, असेही वाटले असेल. ते रास्त आहे. मी म्हणणारच होतो. फक्त एकट्याने कसे म्हणावे, म्हणून सोबतीला कोणी आहे का ते पाहायला मागे वळलो. तर तुम्ही तिथेच होतात, अगदी एसीच्या खाली. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, मी तुमच्याकडे.

हात वर करायचा तर दोघांनाही आधी कप खाली ठेवावा लागला असता.